मागच्या खोलीतली ओल

ते किडे अश्विनीला पहिल्यांदा दिसले पलंगाच्या पायाशी. ती खोली झाडत होती. तुरीच्या डाळीएवढे, राखी रंगाचे, पाठीवर आडव्या रेघा. केरसुणी लागली की काही पळायचे आणि काही तिथल्या तिथे अंग मुडपून गोळी होऊन बसायचे. तिने ते सुपडीत ओढले, मागच्या दाराने बाहेर नेऊन टाकले आणि चहा ठेवायला गेली. दुसऱ्या दिवशी तितकेच किडे पुन्हा तिथेच होते. तिने पुन्हा झाडले.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. वरवट बकाल गावातल्या त्या घराला एकामागे एक अशा तीन खोल्या होत्या आणि बाजूला स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत सासरे निवृत्ती झोपायचे, मधल्या खोलीत सासूबाई वच्छलाबाई, आणि मागची खोली अश्विनीची. म्हणजे अश्विनीची आणि हर्षलची. हर्षल फाल्गुनात गेला. गव्हाला शेवटचं पाणी द्यायला म्हणून सकाळी शेतात गेला, मोटर सुरू करायला स्टार्टरच्या पेटीला हात लावला, आणि पेटीतच करंट उतरलेला होता. शेजारच्या शेतातल्या माणसांनी त्याला बैलगाडीत घालून आणलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

तेरावं झाल्यावर अश्विनीचे वडील तिला न्यायला डोणगावहून आले. "चाल बाई घरी," ते म्हणाले. ती "हो" म्हणाली. आत पिशवी भरत असताना वच्छलाबाई दारात येऊन म्हणाल्या, "राह्यली तर बरं होईल वं." त्यांनाही ती "हो" म्हणाली. मग पिशवी तशीच अर्धी भरलेली राहिली आणि वडील एकटेच परतले. जावंसं वाटत होतं की राहावंसं, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सकाळी उठायचं, झाडायचं, भाकरी टाकायच्या, धुणं धुवायचं. जेवताना भाजीत मीठ कमी आहे की जास्त, हे तिला सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

मागची भिंत श्रावणापासून ओली दिसायला लागली. आधी खाली, जमिनीला लागून एक काळपट पट्टा उमटला. मग तो वर चढत खिडकीच्या पट्टीपर्यंत आला. आसमानी रंगाला फोड आले, फोड फुटून पोपडे पडायला लागले, आणि पोपड्यांच्या खाली पांढरा लोणा फुलून आला. त्या भागातलं पाणीच खारं; भिंत वाळली की ते मीठ मागे ठेवून जायचं. खोलीला जुन्या माठासारखा वास यायला लागला. अश्विनीने उशी दुसऱ्या टोकाला घेतली. एवढंच केलं.

मनकर्णाबाई शेजारच्या. एकदा ताक मागायला आल्या तेव्हा त्यांनी सुपडीतले किडे पाहिले.

"हे तं वाळवी हाय," त्या म्हणाल्या.

"वाळवी पांढरी राह्यते ना, मावशी."

"मंग तिचाच भाऊ असन. पावडर टाक. माह्या घरी हाय, देते."

त्यांनी पुडीत बांधून पांढरी पावडर पाठवली. अश्विनीने ती भिंतीच्या कडेने टाकली. दोन दिवस किडे कमी झाले, उलटे होऊन पडलेले दिसले. नंतर पावडर ओलीने भिजून तिची खळ झाली आणि किडे त्या खळीवरून चालत यायला लागले. चावत नव्हते, धान्याला लागत नव्हते. दिवसा फटीत असायचे, अंधार पडला की निघायचे. अश्विनी पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि ते कुठून कुठे जातात ते पाहायची. त्याचा तिला कंटाळा नव्हता आणि किळसही नव्हती.

लोखंडी कपाट त्याच भिंतीला टेकवलेलं होतं. लग्नातलं. वरच्या खणात तिच्या साड्या, मधल्या खणात गोधड्या, खालच्या खणात हर्षलचे शर्ट. पोळ्याच्या थोडं आधी तिने एकदा कपाट उघडायला मुठीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिणी गेली. तिने हात मागे घेतला. काय झालं ते तिला लगेच समजलं. पायाखालची फरशी ओली होती, भिंत ओली होती, आणि कपाटाच्या मागेच दिव्याच्या बोर्डाची वायर भिंतीतून वर गेलेली होती.

सांगायला हवं, हे तिला कळत होतं. दुपारी ती सांगायचं म्हणून स्वयंपाकघरात गेलीही. निवृत्ती मान खाली घालून जेवत होते. वच्छलाबाई त्यांच्या ताटात वरण वाढत होत्या. फाल्गुनापासून त्या घरात कुणी 'करंट' म्हटलं नव्हतं. लाईट गेली असंही म्हणत नसत, नुसतं "गेली" म्हणत. शेतातल्या मोटरीबद्दल बोलायची वेळ आली तर निवृत्ती "ते मशीन" म्हणायचे. अश्विनी ताटाशी बसली आणि उठून गेली. सांगितलं नाही.

नंतर तिला त्या झिणझिणीची सवय झाली. कधी लागायची, कधी लागायची नाही. चप्पल घालून कपाट उघडावं, फडकं धरावं, एवढं तिला समजत होतं. पण ती ते करत नव्हती. अनवाणीच जायची, मूठ धरायची, उघडायची. मरायचंय असं तिच्या मनात कधी आलं नाही. जगायचंय असंही आलं नाही. हर्षलच्या शर्टांवर करडी भुरी चढलेली तिला दिसली. तिने दार लावून घेतलं.

भाद्रपदात एक दिवस कडक ऊन पडलं. असं ऊन बऱ्याच दिवसांनी पडलं होतं, आणि गावभर लोकांनी वाकळा, गाद्या, मिरच्या बाहेर काढल्या होत्या. अश्विनी न्हाणीपाशी धुणं धुत होती. वच्छलाबाईंना वाटलं, पोरगी कामात आहे, तिच्या खोलीतल्या गोधड्या आपणच उन्हात घालू. एरवी वच्छलाबाई त्या खोलीत जात नसत. हर्षल गेल्यापासून उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं; काही हवं असलं तर बाहेरून हाक मारायच्या.

अश्विनीला आधी काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला आणि मग सासूचं ओरडणं. ती ओल्या हातांनी धावली. दारात पोचली तर वच्छलाबाई जमिनीवर बसलेल्या, उजवा हात छातीशी धरलेला, तोंड पांढरंफटक.

"याले हात नको लावू!" त्या ओरडल्या. "कपाटात हाय... कपाटात..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. निवृत्ती ओसरीवरून आले, एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि तसेच उलटे फिरून त्यांनी पुढच्या खोलीतला मेन स्विच खाली ओढला. मग परत येऊन त्यांनी बायकोला धरून उठवलं. 

डॉक्टरने तपासून काही नाही म्हणून सांगितलं. हात संध्याकाळपर्यंत जड राहील, म्हणाला. त्याच दुपारी निवृत्तींनी गावातल्या गोकुळला बोलावलं. गोकुळ लाईटफिटिंगची कामं करायचा, हर्षलच्या वर्गातला. त्याने थोडा वेळ मेन चालू करायला लावून टेस्टर कपाटाला टेकवला. टेस्टर पेटला. भिंतीच्या ओल्या पट्ट्याला टेकवला, तिथेही मिणमिणला.

"अंदरची वायर खराब झाली, काका. ओलीनं सगळीकडे उतरलं. अन् अर्थिंग तर नाहीच." तो अश्विनीकडे वळला. "वहिनी, तुमी रोज उघडत होत्या हे कपाट?"

"हाव."

"झटका नाही लागला?"

"लागे. थोडा थोडा."

गोकुळने टेस्टर खिशात घातला आणि तो निवृत्तींकडे पाहायला लागला. निवृत्ती अंगणात निघून गेले. गोकुळने मागच्या खोलीची लाईन मेनपासूनच तोडली, भिंत सुकल्याशिवाय ती पुन्हा जोडायची नाही, असं बजावलं, आणि तोही गेला.

वच्छलाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी अश्विनीला समोर बसवलं.

"कधीपासून लागून राह्यला होता?"

"पोळ्याच्या आधीपासून."

"अन् सांगतलं नाही तू."

अश्विनीने पदर सारखा केला.

"काऊन नाही सांगतलं? मी काय विचारून राह्यली, पोरी?"

"तुमच्यासमोर तो शब्द कसा काढू, आत्याबाई? मामाजी जेवत होते."

"शब्दाले भेली? अन् करंटले नाही भेली?"

वच्छलाबाईंच्या तोंडून तो शब्द निघून गेला होता. अंगणात निवृत्ती पाठमोरे उभे होते, त्यांनीही ऐकलं असणार. अश्विनीने खरं तेच सांगितलं.

"नाही भेली."

वच्छलाबाईंचा डावा हात वर गेला. मारतात की काय असं अश्विनीला वाटलं आणि तिने डोळेही मिटले नाहीत. तो हात तिच्या मनगटावर येऊन पडला आणि तिथेच घट्ट बसला.

"एकाले पाह्यलं मी तसं," वच्छलाबाई म्हणाल्या. "पुन्हा नाही पाह्यत. सांगून ठेवते. तुले राह्यचं तर राह्य, डोणगावले जायचं तर जाय, मी आडवी नाही येत. पण असं नाही. ऐकलं काय?"

"हाव."

"नुसतं हाव नको म्हणू वं. सगळ्यालेच हाव म्हणतं तू."

 मनगटावरचा हात गरम होता आणि दुखेल इतका आवळला होता. ती तशीच बसून राहिली.

त्या दिवशी तिचं अंथरूण मधल्या खोलीत आलं.

दुसऱ्या दिवशी निवृत्तींनी कुदळ आणि फावडं काढलं आणि ते घराच्या मागे गेले. मागची बाजू कित्येक महिने कुणी पाहिलीच नव्हती. न्हाणीचं पाणी भिंतीच्या कडेने नालीतून रस्त्याकडे जायचं; ती नाली दरवर्षी पावसाच्या आधी हर्षल साफ करायचा. यंदा ती कुणाच्या ध्यानात आली नाही. गाळ भरून नाली जमिनीला सपाट झाली होती, आणि न्हाणीचं सगळं पाणी भिंतीच्या पायातच मुरत होतं. त्यावर काळी माती ढासळून जोत्याच्याही वर चढली होती. आणि भिंतीला लागून होता पऱ्हाट्यांचा ढीग. कपाशी उपटून झाल्यावर जळणासाठी आणलेल्या त्या काड्या. वरून करड्या, कोरड्या दिसत होत्या. निवृत्तींनी कुदळीने एक पेंढी उचकली तर खालच्या सगळ्या सडून काळ्या पडलेल्या, आणि त्यांच्यात किडेच किडे. उजेड लागताच ते चहूकडे पांगले, भिंतीच्या भेगांत शिरले.

"हे सगळं हलवा लागते इथून," निवृत्ती म्हणाले.

वच्छलाबाई मागच्या दारात उभ्या होत्या. "पऱ्हाट्या राहू द्या," त्या म्हणाल्या. "नाली काढा, माती काढा. पऱ्हाट्याले हात नका लावू."

"सडल्या त्या."

"सडू द्या."

"अवं, पण..."

"हर्षलनं आणल्या त्या. गाडीतून त्यानंच उतरवल्या, त्यानंच रचल्या. मी एक काडी नाही काढली त्यातली. राहू द्या."

निवृत्तींनी कुदळ खाली ठेवली. अश्विनीला हे माहीत नव्हतं. चूल पेटवायची वेळ आली की सासूबाई मुद्दाम कुठून तरी बाभळीचं सरपण का आणतात, आंघोळीचं पाणीही गॅसवर का तापवतात, हे तिने कधी मनात घेतलं नव्हतं. ती खाली उतरली. ढिगाजवळ गेली. एका काळ्या काडीवरून तीन-चार किडे तिच्या बोटांवर चढले, ते तिने झटकले नाहीत.

"आत्याबाई," ती म्हणाली, "माह्या खोलीत हेच येतात. यायतूनच येतात."

"कोण?"

"हे. रोज झाडते मी. पलंगाखाली, कपाटाखाली. आता त्यायच्या शर्टापर्यंत गेले असतीन. शर्टायले भुरी चढली."

वच्छलाबाई तिच्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग त्या पदर खोचून पायऱ्या उतरल्या आणि जड हात तसाच लोंबता ठेवून, डाव्या हाताने वरची एक पेंढी त्यांनी ओढली. मग दुसरी. वरच्या कोरड्या होत्या त्या त्यांनी न्हाणीपाशी वेगळ्या टाकल्या. "ह्या जळतीन," एवढंच म्हणाल्या. खालच्या अश्विनीने फावड्याने टोपल्यात भरून दिल्या आणि निवृत्तींनी उकिरड्यावर नेल्या. तिघं दिवसभर तेच करत होते.  मनकर्णाबाई कुंपणाजवळ येऊन काही विचारणार होत्या, पण वच्छलाबाईंचा चेहरा पाहून परत फिरल्या.

संध्याकाळी वच्छलाबाईंनी त्या कोरड्या पऱ्हाट्या चुलीत घातल्या आणि पाणी तापवलं. पऱ्हाटी भडभड जळते, लवकर संपते. त्या एकेक पेंढी आत सारत चुलीपुढे बसल्या होत्या आणि रडत होत्या. आवाज न करता, धूर लागल्यासारख्या. आधी निवृत्तींनी आंघोळ केली, मग अश्विनीने. साबण लावताना तिचे दोन्ही तळवे झोंबले. पाहिलं तर फावड्याच्या दांड्याने फोड येऊन फुटलेले होते. ते कधी आले, कधी फुटले, तिला कळलंच नव्हतं. आता मात्र चांगलंच झोंबत होतं. ती तळवे उघडे धरून थोडा वेळ न्हाणीत उभी राहिली.

पुढचे आठ-पंधरा दिवस कामात गेले. नाली खोल केली, तिला सिमेंटचा गिलावा केला. माती जोत्याच्या खाली येईपर्यंत खरवडली. आतून निवृत्तींनी ओला गिलावा खिडकीच्या पट्टीपर्यंत छिनीने काढून टाकला आणि विटा उघड्या ठेवल्या. खिडकी सताड उघडी. किडे एकदम गेले नाहीत. रोज थोडे दिसायचे, मग एखाद-दुसरा, मग कोपऱ्यात नुसतीच रिकामी कवचं. ओल नाही तर ते जगत नाहीत, असं गोकुळने त्याच्या मोबाईलवर वाचून सांगितलं. अश्विनी झाडायची, कवचं सुपडीत यायची, ती टाकून द्यायची.

कपाट रिकामं केलं तेव्हा वच्छलाबाई खोलीत आल्या. शर्ट त्यांनी आणि अश्विनीने मिळून बाहेर नेले, गरम पाण्यात भिजवले, घासले, उन्हात घातले. काहींचे डाग निघाले, काहींचे निघाले नाहीत. त्यातला एक चौकड्यांचा शर्ट निवृत्तींनी काही न विचारता घातला आणि शेतात गेले. खांद्यात थोडा ढगळ होता. दोघी बायकांनी त्यांना जाताना पाहिलं. 

दिवाळी त्यांनी केली नाही. अश्विनी चार दिवस डोणगावला जाऊन आली. आईने विचारलं, "आता काय ठरवलं?" तर ती म्हणाली, "अजून नाही ठरवलं." हे तिने पहिल्यांदा म्हटलं होतं, आधी नुसतं "हो" म्हणायची. आईने पुढे विचारलं नाही. परत येताना शेगावला बस बदलावी लागली. स्टँडवर खूप गर्दी होती, यात्रेकरूंचे घोळके होते, आणि त्या गर्दीत ती आपली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती हसली नाही, तिला रडूही आलं नाही. फक्त भूक लागली. तिने कचोरी घेऊन खाल्ली. तिखट होती.

थंडी पडल्यावर विटा सुकल्या. हाताला कोरड्या लागायला लागल्या. नवा गिलावा झाला, गोकुळने भिंतीवरून पाईपातून नवी वायर ओढली, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा केला, आणि टेस्टर लावून चार-चारदा सगळ्यांना दाखवलं. वच्छलाबाईंनी त्याला पाचव्यांदा लावायला सांगितलं. त्याने लावला.

मग रंग द्यायचं निघालं. निवृत्ती शेगावहून रंगांच्या पट्ट्या असलेलं कार्ड घेऊन आले आणि ते अश्विनीपुढे धरून उभे राहिले. त्यांना अशा गोष्टी विचारायची सवय नव्हती.

"गुलाबी देऊ म्हटलं," ते म्हणाले. "दुकानवाला म्हणे, सगळे तोच नेऊन राह्यले."

अश्विनी निवडत असलेल्या मेथीतून मान वर करून कार्डाकडे पाहत राहिली. तिला नको वाटलं. पोटात कुठेतरी, स्पष्टपणे, नको वाटलं.

"गुलाबी नको, मामाजी."

"मंग कोणता?"

"माहीत नाही. पण गुलाबी नको."

निवृत्तींनी कार्ड पुन्हा नीट पाहिलं, जणू त्यातला गुलाबी वगळला की काय उरतं ते त्यांना मोजायचं होतं. स्वयंपाकघरातून वच्छलाबाई म्हणाल्या, "तिले घाई नका करू. राहू द्या कार्ड तिच्याजवळ."

"बरं," निवृत्ती म्हणाले. त्यांनी कार्ड मेथीच्या जुडीशेजारी ठेवलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. अश्विनीने आधी मेथी निवडून संपवली.